दोन चौकटी वगळल्या आहेत

माझी नोकरी कसली होती, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी विचारलं की ते सांगायचे, "जावई साताऱ्याला असतात, सह्या गोळा करतात." सुरुवातीला मला राग यायचा. पदवी घेतलेला माणूस मी, आणि ओळख करून देताना वर्गणी मागत फिरणाऱ्यासारखी. पुढं पुढं मलाच पटलं, की याहून नेमकं वर्णन मलाही करता येत नाही. सत्तरच्या दशकाची जवळजवळ दहाही वर्षं मी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत हिंडून सह्या गोळा केल्या. त्यातली एकसुद्धा खोटी नव्हती, हे मी आजही छाती पुढं काढून सांगतो. एक मात्र चुकीच्या माणसाची होती, आणि आज लिहायला बसलोय तो मुख्यतः तिच्यासाठी.

साताऱ्यातल्या एका वस्तुसंग्रहालयात मी प्रतिलिपी सहायक होतो. लोकांच्या घरी जुनी दफ्तरं, वह्या, पत्रं पडून असतात. ती मागितली तर कुणी देत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून आम्हीच कॅमेरा जीपमध्ये घालून त्यांच्या दारात जायचो आणि कागदांची मायक्रोफिल्म काढायचो. पान काचेखाली ठेवायचं, वरून फोटो घ्यायचा, पान उलटायचं. प्रत्येक पानाची फितीवर एक चौकट. बोटभर रुंदीच्या फितीत एका खोलीतलं दफ्तर मावायचं. आज माझी नात फोनवर बिलाचा फोटो काढते तसंच ते, फक्त आमच्या फोनला उचलायला दोन माणसं लागायची. शिवाय वीज लागायची, आणि ती गावात असेलच असं नव्हतं. एकदा शिरवळजवळ पिठाच्या गिरणीतून तार ओढून आम्ही दोन दिवस काम केलं. त्या रिळावर अजून पिठाचे ठिपके दिसतात.

फोटो काढणं सोपं होतं. अवघड होती ती सही. कारण कायदा असा आहे, की कागद एकाचा असतो आणि त्यावरचे शब्द दुसऱ्याचे असू शकतात. तुमच्या मेव्हण्यानं तुम्हाला पत्र पाठवलं तर तो कागद तुमचा. जपून ठेवा नाहीतर बंबात घाला. पण तो मजकूर छापायचा किंवा चार लोकांसमोर मांडायचा झाला, तर मेव्हण्याला विचारलं पाहिजे. तो नसेल तर त्याच्या वारसाला. यालाच कॉपीराइट म्हणतात. आणि वारसानं 'हो' म्हटलं तरी त्यानं शब्द देऊन टाकले असं होत नाही, फक्त वापरायची परवानगी दिली असं होतं. शहरातल्या शिकलेल्यांना हे समजवताना माझा घसा कोरडा पडायचा. गावात सांगायचो, "बांधावरून शेजाऱ्याच्या गाडीला वाट दिली, म्हणजे रान त्याला दिलं का?" लगेच माना हलायच्या. मग प्रश्न सुरू व्हायचे, वाट किती दिवस, किती रुंद, बैलगाडीला की ट्रॅक्टरलासुद्धा. परवानगीचा सगळा कायदा या तीन प्रश्नांत बसतो.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची भेटली. मिरजेतल्या एका तंबोरे करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडं त्याच्या आजोबांची मापांची वही होती. मला वाटलं, धंद्याचं गुपित आहे, हा सही करणार नाही. त्यानं फॉर्म न वाचता सही केली आणि वही माझ्या पुढ्यात टाकली. मी म्हटलं, चाचा, उद्या कुणीही येऊन ही मापं उतरून घेईल. तो तंबोऱ्याच्या घोडीखाली दोरा सरकवत तार छेडत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "घेऊ द्या की. मापानं भोपळा बसतो, साहेब, सूर बसत नाही." मात्र फोटो काढताना त्याच्या हातांचा काढू दिला नाही. हातांवर सही नाही, म्हणाला.

दुसरे होते मलकापूरचे एक निवृत्त गुरुजी. ते दर दोन महिन्यांनी स्वतःच्या कवितांची वही घेऊन साताऱ्याला यायचे आणि माझ्याकडून कॉपीराइटचा शिक्का मारून मागायचे. मी सांगायचो, गुरुजी, शिक्का लागत नाही. कविता लिहून झाली की हक्क तुमचाच. ते हिरमुसायचे. फुकट मिळतो तो कसला हक्क, असं त्यांचं म्हणणं. शेवटी एकदा मी आमच्या ग्रंथालयाचा आवक-विभागाचा शिक्का वहीच्या मागच्या पानावर उमटवून दिला. कायद्याच्या दृष्टीनं तो कुचकामी होता. गुरुजी मात्र कंदी पेढ्यांचा पुडा ठेवून गेले, आणि पुन्हा कधी आले नाहीत.

आता त्या चुकीच्या सहीकडं येतो. दुष्काळाचं वर्ष नुकतंच सरलं होतं. आमच्या अभिरक्षक साहेबांनी, म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुखांनी, सैनिकांच्या पत्रांचं एक दालन उभं करायचं ठरवलं. आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत असतो. पत्रांना तोटा नव्हता. कराडच्या पुढं आत एका गावात एका घरी चौदा पत्रं आहेत असं कळलं. गावाचं नाव मी सांगणार नाही, माणसांची नावंही खरी नाहीत. का, ते पुढं येईलच.

घर हवालदार आबांचं होतं. आबा स्वतः फौजेतून दुसऱ्या लढाईच्या आधीच पेन्शनीत आलेले. सत्तरीतही पाठ ताठ, मिशा पांढऱ्याशुभ्र. त्यांचा धाकटा भाऊ गणपत इटलीत लढाईत पडला होता. भावाला भरतीला त्यांनीच नेलं होतं, आणि हे त्यांनी मला पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं. चौदाही पत्रं त्यांच्याच नावानं आलेली होती, कारण त्या काळी माणूस बायकोच्या नावानं पाकीट पाठवत नसे. घरात थोरला जो असेल त्याच्या नावानं पत्र यायचं, तो सोप्यात बसून मोठ्यानं वाचायचा, बायका आतून कान देऊन ऐकायच्या. बायकोसाठी शेवटी एखादी ओळ, 'घरात सर्वांस खुशाली सांगणे'. त्या 'सर्वांत' ती आली.

मी फॉर्म पुढं केला. कागदाचे मालक म्हणून आबांनी सही केली, ते बरोबरच होतं. त्याखाली रकाना होता, 'मजकूर लिहिणाराचे वारस'. मी विचारलं, गणपतरावांच्या मागं कोण? आबा म्हणाले, "पोरबाळ न्हाई. मंडळी हाय की. घरात हाय." आणि त्या रकान्यातसुद्धा त्यांनीच सही केली, कुटुंबप्रमुख म्हणून. मी पाहत होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या घरीही माझ्या आईच्या वतीनं माझे चुलतेच सही करायचे. सह्यांचा तज्ज्ञ म्हणवणारा मी, चुलीपुढं बसलेल्या बाईला हाक मारावी एवढं मला सुचलं नाही. या गोष्टीची आजही मला लाज वाटते.

शाळेत वीज होती. तिथं दुपारभरात चौदाही पत्रं फितीवर चढवली. फिल्म घेणारा माणूस मजकूर वाचत नाही, पान सरळ आहे ना एवढंच बघतो. त्यामुळं शेवटच्या पत्रात काय आहे हे मला साताऱ्याला परत आल्यावर समजलं, तेही अभिरक्षक साहेब वाचनयंत्रावरून ओरडले म्हणून. पत्र दोन पानांचं होतं. पहिल्या पानावर होतं, 'दादा, तोफा सुरू झाल्या का हात कापतात. बंदूक धरवत नाही. शेजारचा पोरगा काल गेला. मला लय भ्या वाटतंय. हे आईला वाचून दाऊ नका.' दुसऱ्या पानाच्या सुरुवातीलाच दादांना सांगितलं होतं, की हे पुढचं तिला वाचून दाखवा. आणि मग दोन्ही बाजू भरून बायकोला लिहिलेलं.

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. त्यांनी लगेच पत्राची दोन्ही पानं माणसाच्या उंचीएवढी मोठी करून दालनाच्या तोंडाशी लावायचं फर्मान सोडलं. फितीची एक प्रत रिवाजाप्रमाणं मुंबईला गेली. उद्घाटनाला दहा दिवस होते. सगळ्या घरांना आमंत्रणं गेली, आणि हवालदार आबा त्या पत्रिकेचा मान राखून आठवडाभर आधीच बघायला आले.

ते त्या भिंतीपुढं उभे राहिले. पहिलं पान त्यांनी वाचलं असावं. दुसऱ्याकडं त्यांनी पाहिलंच नाही, खाली मान घातली. मग माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "ते खाली घ्या. माझा भाऊ भ्यालेला गावाला दावायचा न्हाई."

साहेब म्हणाले, सही तुमचीच आहे, आबा. आबा टोपी घालून एसटी स्टँडकडं चालू लागले. मी फाईल उघडली. सही होती. फक्त तेव्हा, पहिल्यांदाच, तो दुसरा रकाना मी डोळे उघडून वाचला. लिहिणारा गणपत. त्याचा वारस आबा कसे?

माझी शंका घेऊन मी सांगलीला एका जुन्या वकिलांकडं गेलो. त्या काळात या कायद्याचं पुस्तक दोन जिल्ह्यांत बहुधा त्यांच्याकडंच होतं. त्यांनी मला पुस्तक उघडूनही दाखवलं नाही. म्हणाले, जमीन एकत्र कुटुंबाची असेल, बैल असतील, पण त्या पोरानं खंदकात बसून जे लिहिलं ती त्याची स्वकष्टार्जित मिळकत. ती बायकोकडं जाते. भावाची परवानगी तुम्ही घेतली ती शेजाऱ्याला विचारून दुसऱ्याच्या रानातून गाडी हाकल्यासारखी झाली. माझाच दाखला त्यांनी माझ्या तोंडावर मारला आणि वर चहाही पाजला.

परत येऊन साहेबांना सांगितलं तर ते वैतागले. त्या बाईला लिहितावाचता येत नाही, अंगठा घेऊन या, प्रश्न मिटला. मी म्हटलं, कशावर अंगठा देते हे तिला कळलं पाहिजे, त्याशिवाय ती परवानगी होत नाही. हे मी मोठ्या ऐटीत बोललो. त्याचा अर्थ काय होतो हे मला त्या गावी पोचेपर्यंत उमगलं नव्हतं.

आबा सोप्यात बसले होते. माझ्याशी बोलायची त्यांची इच्छा नव्हती, तरी त्यांनी पाणी मागवलं. मी सांगितलं, की माझी चूक झाली, सही मावशींची हवी होती. त्यांनी नाही म्हटलं तर उद्याच पत्र खाली घेतो. आबांचा चेहरा जरा सैल झाला. ती नाहीच म्हणणार याची त्यांना खात्री असावी. मग मी म्हटलं, पण त्याआधी मला ते सगळं पत्र त्यांना वाचून दाखवावं लागेल.

आबा बोलले ते माझ्याकडं न बघता बोलले. "फुडचं पान मी तवा वाचलंच न्हाई, सायेब. पत्र आलं, आन आठ दिसांनी तार आली. सोप्यात समदी बसल्याली. आई व्हती. दिरानं भावजयीला ते कसं वाचून दावायचं? घडी घातली आन ठिवून दिलं. मग ऱ्हाऊनच गेलं."

जवळजवळ तीस वर्षं ते राहून गेलं होतं. गणपतनं शेवटचं काही सांगितलं होतं आणि ते ज्या बाईसाठी होतं, ती त्याच घरात, दहा पावलांवर, रोज भाकरी थापत होती. या माणसावर मला चिडता आलं नाही. त्यांनी लपवलं नव्हतं, त्यांना ते तोंडानं उच्चारता आलं नव्हतं. आमच्या घरी माझ्या वडिलांनासुद्धा आलं नसतं.

आबांनी आतल्या पेटीतून ते पाकीट आणून माझ्या हातात दिलं. आत हाक मारून म्हणाले, "सोना, सायबांकडं तुझं काम हाय." मग पायात वहाणा सरकवल्या, पटका बांधला आणि उसाच्या रानाकडं निघून गेले.

सोनामावशी पन्नाशीच्या आसपास असाव्यात. मागच्या अंगणात त्या बियाण्याच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोर पायरीवर बसलो आणि वाचायला लागलो. पहिलं पान होईपर्यंत शेंगा फुटत होत्या. दुसऱ्या पानाच्या पहिल्या ओळीला हात थांबले. मी वाचत गेलो. दुसऱ्याच्या बायकोपुढं ते शब्द उच्चारताना मलाही संकोच वाटत होता. पण माझ्या नोकरीनं मला एक सोय करून दिली होती, मी कुणाचा दीर नव्हतो. संपल्यावर त्या म्हणाल्या, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा त्यांनी फक्त दुसरं पान वाचायला लावलं. रडल्या नाहीत. पदरातल्या शेंगा मात्र सगळ्या खाली सांडल्या होत्या आणि त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

मग मी त्यांना समजावलं, की कागद आबांचा आहे, पण हे शब्द तुमचे आहेत. तुम्ही 'हो' म्हणाल तेवढंच लोकांना दिसेल.

"माझं म्हंजी? थोरल्या भावजींस्नी न इचारता?"

"न विचारता."

त्यांनी शेंगा वेचल्या. एक एक करून सगळ्या वेचल्या. नंतर बोलल्या ते मी त्याच क्रमानं, त्यांच्याच शब्दांत फॉर्मच्या पाठीवर लिहून घेतलं आहे.

"पयलं पान ऱ्हाऊ द्या. ते भ्यालं, आन तरीबी तितंच ऱ्हायलं. हे लोकास्नी कळू द्या. पर गावाचं आन भावजींचं नाव लावू नगा, चावडीवर त्यास्नी कुणी बोलाय नगं. आल्यालं माणूस हुबं ऱ्हाऊन वाचंल, घरला न्ह्यायचं न्हाई. आन दुसरं पान माझं हाय. ते कुणी बगायचं न्हाई."

मी तो मजकूर त्यांना वाचून दाखवला. 'घरला न्ह्यायचं न्हाई' म्हणजे छापायचंही नाही ना, हे विचारून घेतलं. त्यांनी अंगठा उठवला, बोटाची शाई शेणानं सारवलेल्या कट्ट्याला पुसली. पुढं मी कितीतरी परवानग्या वाचल्या, मोठमोठ्या वकिलांनी बारीक टायपात लिहिलेल्या. काय द्यायचं, कुठं, कसं, कुणाला सांभाळून आणि काय अजिबात द्यायचं नाही, हे त्या बाईनं सात वाक्यांत बसवलं होतं. आणि गंमत बघा, आबांना जे झाकायचं होतं ते त्यांनी उघडं ठेवलं, आणि आमच्या साहेबांना जे सर्वांत जास्त हवं होतं ते काढून घेतलं.

आबा परतले तेव्हा मी जायला निघालो होतो. त्यांना सगळं सांगितलं. पहिलं पान राहणार म्हटल्यावर त्यांच्या जबड्याची शीर उडाली. पण गावाचं नाव आणि स्वतःचं नाव लागणार नाही, आणि ते का, हे ऐकून ते खांबाला टेकून उभे राहिले. माझ्या हातातलं पाकीट घेतलं, त्यातली दोन पानं वेगळी केली. पहिलं खिशात घातलं. दुसरं उंबऱ्यावर ठेवलं, हातात देणं त्यांना जमलं नसतं. मला म्हणाले, "त्यो कागूद आता तिच्याकडंच असू द्या. पाकिटावर माझं नाव हाय, पाकीट मी ठिवतो."

साताऱ्यात खरी लढाई पुढं होती. दुसरं पान खाली घ्यायचं म्हटल्यावर साहेबांनी मला खोलीत बोलावून दार लावलं. असं पान शंभर वर्षांत हाताला लागत नाही, तुला समजतं का, असं ते म्हणाले. मला समजत होतं. भिंतीवर नको तर नको, पण फितीवर राहू दे, कुणाला कळतंय, असंही ते म्हणाले. मी म्हटलं, मला कळतंय. तुम्ही लेखी हुकूम द्या, मी त्यावर माझा लेखी विरोध नोंदवतो आणि दोन्ही कागद त्या बाईला वाचून दाखवून येतो. वरिष्ठांशी असं मी आयुष्यात एकदाच बोललो. घरी दोन लहान मुली होत्या, नोकरी जाईल याची धास्ती होती. साहेब तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

मूळ फितीला कात्री लावणं हे आमच्या धंद्यात पाप. मी ते केलं. दोन्ही बाजूंच्या दोन चौकटी कापून जाळल्या, फीत जोडली, आणि त्या जागी एका कार्डाचा फोटो घातला, 'मजकुराच्या मालकिणीच्या इच्छेनुसार येथे दोन चौकटी वगळल्या आहेत.' मुंबईची प्रत परत मागवून तिच्यातही तसंच केलं. इतिहासाचं नुकसान झालं, हे मी नाकारत नाही.

दालन उघडलं. नाव नसलेल्या त्या एका पानापुढं सर्वांत जास्त गर्दी राहायची. पेन्शनीतले शिपाईगडी यायचे, लांबून पुसेसावळी, खटावकडून. एक जण वाचून झाल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाला, "खरं लिवलंय रं गड्या. आमास्नी कुणी इचारलंच न्हाई." आणखी महिन्याभरानं आबाही आले. आडवाराला, एकटेच. बाकावर बसून लोक वाचताना बघत राहिले. जाताना त्यांनी मला कडक सलाम ठोकला. तो मला की भिंतीला, हे मी ठरवू शकलो नाही.

त्यानंतर त्या बाजूला काम निघालं की मी वाट वाकडी करून त्या गावी जायचो. मावशी पेटीतून तो कागद काढायच्या, मी वाचायचो, त्या चहा करायच्या. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. तोवर आबांची नातवंडं शाळेत जाऊ लागली होती. एकदा मी म्हटलं, मावशी, ही थोरली मुलगी छान वाचते, तिच्याकडून का वाचून घेत नाही? माझ्या वाटेकडं डोळे लावायला नकोत. मावशींनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काहीतरी विसरलो आहे. "वाचाय येतंय तिला. पर परवानगी कुटं दिलीया मी?" मी नोकरीत ज्या ज्या लोकांना हा कायदा शिकवला त्यांत इतकी पक्की विद्यार्थिनी दुसरी नाही.

गेल्या वर्षी संग्रहालयातून फोन आला. आता सगळ्या फिती संगणकावर चढवताहेत, जगात कुणालाही घरबसल्या दिसतील अशा. तिथल्या नव्या अभिरक्षक बाईंना ते कार्ड सापडलं होतं. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. पहिलं पान संगणकावर लावता येईल का? मी म्हटलं, मावशींनी उभं राहून वाचायची परवानगी दिली होती, घरी न्यायची नाही. तुमचा संगणक नेमका घरीच नेतो. मावशी आता नाहीत, पण त्यांची भाचरंपुतणी आहेत, वारस कोण ते शोधा आणि अर्ज पाठवू नका, जाऊन विचारा. त्यांना ते पटलं, आणि त्या खरंच गेल्या असं नंतर कळलं. पहिल्या पानातल्या ओळी इथं छापायला मीही त्या वारसांचा होकार घेतला आहे.

दुसरा प्रश्न अवघड होता. त्या म्हणाल्या, सर, कापलेल्या चौकटींत काय होतं ते तुम्हीच त्यांना वाचून दाखवलं होतं. तुम्हाला आठवत असणार. कागदही आता राहिला असेल असं वाटत नाही, तुमच्यानंतर ते जगातून जाईल. सांगाल का, आम्ही नोंदवून ठेवू.

आठवतं. अक्षर न् अक्षर आठवतं. पण मी नाही म्हणालो, आणि या लेखाच्या संपादकांनाही तेच सांगितलं. मी त्या बाईला विचारलं होतं आणि तिनं माझ्या तोंडावर नाही सांगितलं होतं. ती गेली म्हणून ते 'नाही' रद्द होत नाही. पण हे कारण मी फोनवर सांगितलं ते अर्धंच. उरलेलं अर्धं माझ्या शेवटच्या भेटीतलं आहे.

त्या दशकाच्या अखेरीस माझी बदली ठरली होती, म्हणून निरोप घ्यायला गेलो. कागद घडीवर विरला होता, शाई उडत चालली होती. पायरीवर बसून मी वाचायला लागलो. चौथ्या-पाचव्या ओळीला घडीपाशी दोन शब्द दिसेनात. मी कागद उजेडाकडं धरला. तेवढ्यात ते दोन शब्द मावशी बोलल्या. आणि थांबल्या नाहीत. चुलीतलं लाकूड मागं ओढत, माझ्याकडं न बघता, त्या पुढची ओळ बोलल्या, मग त्यापुढची, पानाच्या शेवटपर्यंत. मी दरवेळी जिथं श्वास घ्यायला थांबत असे तिथंच त्याही थांबत होत्या. पण तो आता माझा आवाज नव्हता. मी इतक्या वेळा वाचूनही जे वाक्य मला नीट म्हणता आलं नव्हतं, ते त्यांनी असं म्हटलं की मला पहिल्यांदा समजलं, गणपतला काय सांगायचं होतं.

मी कागदाची घडी घालून त्यांच्यापुढं ठेवली. मला वाईट वाटत होतं आणि फार बरंही वाटत होतं. त्यांनी माझ्यापुढं चहाची कपबशी सरकवली.

"आता तुमी न्हाई आलासा तरी चालंल, सायेब," त्या म्हणाल्या.